राजपुऱ्याच्या नाल्याचा रिपोर्ट

महामारीच्या दुसऱ्या वर्षी मला बऱ्हाणपुरात सांडपाण्याचे नमुने गोळा करायचं कंत्राटी काम मिळालं. आजारी माणसाच्या पोटातून विषाणू गटारात उतरतो, त्यामुळे दवाखान्यात पेशंट यायच्या आधीच नाल्याच्या पाण्यात तो सापडतो. मी दोरीला बाटली बांधून पाणी काढायचे आणि बर्फाच्या पेटीतून इंदूरच्या लॅबला पाठवायचे.

राजपुरा मोहल्ल्यातला नाला माझ्या ताईच्या सासरच्या मागून वाहतो. आई गेल्यावर ताईनंच मला वाढवलेलं. नमुना घेतला की मी तिच्याकडे जायचे. मागच्या दारी कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ती मला घरात घ्यायची नाही. "एमएस्सी करून गटारात उतरली बघा," असं शेजारणींना सांगायची, पण त्यात कौतुकच असायचं.

शहरातली साथ तेव्हा निवळली होती. अशातच राजपुऱ्याच्या नमुन्यात विषाणू दिसला, आणि पुढच्या नमुन्यात कितीतरी जास्त. मी महापालिकेच्या आरोग्य विभागातल्या साहेबांकडे गेले.

"पेशंट कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"येतील साहेब. म्हणूनच आत्ता सांगतेय."

"नाल्याला ताप आला म्हणून मी बाजार बंद करू?"

ते चिडून बोलले नव्हते. वरून विचारणा झाली तर दाखवायला त्यांच्याकडे एकही आजारी माणूस नव्हता.

तिथून मी थेट ताईकडे गेले. तिच्या नणंदेचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि फोपनार गावचे पाहुणे उतरायला लागले होते. तिचा माझ्यावर विश्वास बसला. तिनं सासऱ्यांजवळ विषय काढला. ते म्हणाले, "बेटा, पूर्ण मोहल्ल्यात कोणी खोकत नाही. पोरीची शादी कशी थांबवू?"

ताई बाहेर येऊन मला म्हणाली, "नाल्याचं नाव घेऊन मी अजून किती बोलू गं? मी मास्क लावते. तू येऊ नकोस."

मी गेले नाही. लग्नाच्या व्हिडिओत ती मास्क लावूनच वाढताना दिसते. पंगतीतलं कोणीतरी तिला हसतं, तीही डोळ्यांनी हसते. थोड्या दिवसांत तिला ताप भरला, मग दम लागायला लागला. दवाखान्यात मला काचेतून बघू दिलं. तिनं हात उचलून मला लांब व्हायची खूण केली. ती घरी आली नाही.

तिचे सासरे माझ्यासमोर बसले. "तू सांगितलं होतंस," एवढंच म्हणाले. त्यांच्याशी भांडायचं मी मनात ठरवलं होतं, पण म्हाताऱ्याची मान हलत होती. मी पाणी आणून दिलं.

दहावं झाल्यावर मी पुन्हा त्या नाल्यावर गेले. आता पेशंट लोधीपुरा मोहल्ल्यातही होते. पुढे एका बैठकीत साहेबांनी आमचा रिपोर्ट पडद्यावर दाखवला. आपल्या नाल्यानं सगळ्यांच्या आधी ओळखलं, असं सांगून त्यांनी मला उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले, दुसरं काय करणार होते.

नंतर ते काम बंद पडलं. आता मी खाजगी लॅबमध्ये रक्त तपासते. रिपोर्ट हातात पडताच माणसं घाबरून डॉक्टरकडे धावतात, आणि मी त्यांच्याकडे बघत राहते.