जुन्या पत्त्यावरचं टपाल

आमचं संत्री पाठवायचं ऑफिस पांढुर्ण्यातल्या टेलरच्या माडीवरून बोरगावला गेलं, पण टपाल काही हललं नाही. ते टेलरच्या दुकानातच पडायचं. दर शनिवारी बसनं जाऊन ते आणायचं काम माझ्या गळ्यात.

एकदा टेलर म्हणाला, "बाबूजी, तुम्ही हप्त्यानं येऊन राहिले, लोकं किती वाट पाहतील? माल कधी येते म्हणून व्यापाऱ्याचं पोस्टकार्ड आलं, उघडंच होतं. मीच उत्तर लिहून टाकलं, संत्र्याच्या पेट्या निघाल्या म्हणून." कार्डावर त्यानं कापडाच्या खडूनं उत्तर दिल्याची खूणही केली होती.

पेट्या तर अजून आमच्या गोदामातच होत्या. माझं डोकंच फिरलं. त्याच दिवशी मी सगळ्या व्यापाऱ्यांना नवा पत्ता ठणकावून कळवला.

एकाचंच उत्तर आलं, तेही टेलरकडे: "जुनाच पत्ता राहू द्या. तिथून उत्तर तरी मिळते."