जादूगाराची झडती

नातीसाठी अद्भुत कथांचा जाडजूड संच आणला. पहिला भाग उघडताच कोऱ्या बांधणीतल्या खळीचा वास आला आणि मला लहानपणची, रोहणा या आमच्या गावातली एक दुपार आठवली.

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. घरातले देव बाबांनी आपल्या हातांनी नदीत सोडले होते. अशात शाळेतल्या बाईंनी मला जादूच्या एका लांबलचक कथामालेचा पहिला भाग वाचायला दिला. वर ऋषीसारख्या दिसणाऱ्या दाढीवाल्या जादूगाराचं चित्र. अंगणात कापूस निवडणाऱ्या बाबांना ते दिसलं.

"बाईनं तुलेच काऊन देलं हे? देव परत घरात घुसवून राह्यली का?" बाबांना वाचता येत नव्हतं. "वाच. काही गाळू नोको."

मी वाचू लागले.

"थांब. पूजा करते का कोणी याची?"

"नाई बाबा. सारे भेऊन राह्यले त्याले."

"हं. पुढं."

पुढे एका पहारेकऱ्याने राजाचा जीव वाचवला. पण तो हलक्या कुळातला म्हणून राजाने त्याला वेशीबाहेरच ठेवलं. बाबांचे हात थांबले. भाग तिथेच संपला.

"मंग? आत घेतलं का त्याले?"

"ते दुसऱ्या भागात हाये."

तेव्हा मला त्यांच्या संशयाचा राग आला होता. आज वाटतं, त्यांना संधी कोणी दिली होती विश्वासाची?

बाबा उठले. सवर्णांच्या ज्या आळीत ते कधी जात नसत, तिथे बाईंच्या दारापुढे मला घेऊन उभे राहिले.

"दुसरा भाग पाह्यजे होता."

"या ना, आत या," बाई म्हणाल्या.

बाबा उंबऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी माझा हात धरला आणि आत गेले.