इंजिनाचं उघडं नाक

रमामावशी ढोके. हे नाव आधी लिहितो, कारण त्या नसत्या तर हथखोजच्या या कारखानावस्तीत मी आज डिझेलचोर म्हणून ओळखला गेलो असतो.

मावशी शहरातल्या सेक्टर सहामधून स्कूटीवर इथल्या गॅरेजवर यायच्या, नाकातोंडाला गमछा गुंडाळून. नवऱ्यामागे त्याचं गॅरेज त्यांनीच चालवलं. कोणताही पार्ट हातात आला की आधी त्याचा वास घ्यायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. "शी. काय काय करून ठेवतेत लोकं गाडीले." गाडीत काही नसलं तरी शी.

मी आठवीत शाळा सोडून यवतमाळकडून आलेलो. मालकाचं पिकअप चालवायचो, यार्डातल्या खोलीत झोपायचो. मालकाचा भाचा पिंटू याला गाडीचा आवाज दणदणीत हवा होता. त्यानं बाजारातून चकचकीत, उघडा एअर फिल्टर आणला आणि कंपनीची, फिल्टरची बंद पेटी काढून तो बसवला. थोड्याच दिवसांत गाडी काळा धूर ओकायला लागली. माल भरला की चढावर मरायची, डिझेल मात्र ढोसायची. पिंटूनं मामाला सांगितलं, ड्रायव्हर डिझेल विकतो. मालक मला म्हणाले, "गाड़ी ठीक करा के ला, नहीं तो बिस्तर उठा ले." त्या खोलीशिवाय या गावात मला दुसरी जागा नव्हती.

मी गाडी मावशींकडे नेली. त्यांचाही पहिला अंदाज चुकला. डिझेल फिल्टर बदलला, धूर तसाच. मग स्वतःवरच चिडून त्यांनी हवेच्या पाइपातला सेन्सर काढला. आत येणारी हवा मोजणारी ती बारीक वस्तू तेलकट झाली होती. नव्या फिल्टरला चोपडलेलं तेल तिच्यावर बसलं होतं आणि त्या तेलावर इथली लाल धूळ.

"कावून बे, तू तोंडाले गमछा बांधतं, अन् इंजिनाचं नाक उघडं? याले हवाच मोजता येऊन नाही राहिली, तं डिझेल काय मापात पिईन?"

सेन्सर साफ झाला. आता जुनी पेटी हवी होती. ती सापडली पिंटूच्या खाटेखाली. तो तिच्यात गुटखा थुंकायचा. लाल चिकट थर, त्यात मेलेल्या माश्या. अजूनही जेवताना आठवलं तर घास तोंडात फिरतो.

मी ती गॅरेजवर आणली. मालक आणि पिंटू तिथंच उभे होते. पिंटू हसून म्हणाला, "धो दे ना यार." मला फक्त माझी खोली दिसत होती. मी नळाकडे निघालो.

"खाली ठेव," मावशी म्हणाल्या.

"धुतो ना मावशी, काय होते त्याले."

"दुसऱ्याचं थुंकलेलं आपल्या आज्या-पणज्यानं लय उचललं. तू नको शिकू." मग मालकाकडे वळल्या. "सेठ, जिसने थूका वो धोएगा. नहीं तो गाड़ी ऐसेच खड़ी रहेगी."

मालकांनी वाकून पेटीत डोकावलं. आता गेली नोकरी, असं मी धरूनच चाललो होतो. शेवटी त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि भाच्याला नळ दाखवला. पिंटू ओकाऱ्या देत घासत होता आणि मावशी त्याच्या डोक्यावर उभ्या. "कोन्यात राहिलं. शी. अजून घास."

पेटी बसली, धूर गेला. डिझेलचा विषय मालकांनी पुन्हा काढला नाही. मला चोर म्हटलं होतं, त्याबद्दलही काही बोलले नाहीत.

मावशी आता नागपूरला मुलीकडे असतात. गमछा बांधूनही धूळ छातीत गेलीच. मावशी, दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी लागली तर फक्त हाक मारा. तेवढ्यानं तुमचं ऋण फिटणार नाही, पण फेडीन कधीतरी. त्या दिवशी माझे हात कोरडे राहिले, ते विसरलो नाही.