खटखटीच्या आडोशाला

तिचं नाव सांगणार नाही. ही सवय तिनेच लावली.

कामतघर भागात माझ्या लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या, शेडला लागून एक खोली आहे. खटखटीमुळे तिथे भाडेकरू टिकत नाही. ही बाई मात्र खटखट ऐकूनच खूश झाली. "मी आत बोलते, तुम्ही दाराला कान लावा," म्हणाली. मी लावला. अक्षर कळेना. तिने लगेच खोली घेतली.

ती ऑनलाइन समुपदेशन करायची. लोक मनातलं सांगायचे, ती ऐकायची. माइक अगदी ओठांशी, स्क्रीनचं तोंड भिंतीकडे. लाईट जाऊन लूम थांबले, की ती वाक्य अर्ध्यावर सोडायची आणि लूम सुरू होईपर्यंत नुसतं टाइप करायची.

एके दुपारी आमच्या आळीतले एक बडे शेठ तिच्या दारात आले. "माझी सून तुमच्याशी बोलते का? हो की नाही?"

"सांगणार नाही."

मी शेडच्या दारातच उभा होतो. मला राहवेना. "मॅडम, बोलत नसेल तर नाही म्हणून टाका. विषय खतम."

ती माझ्याकडे वळली. "आज यांना नाही म्हटलं, आणि उद्या दुसऱ्या कुणाला नाही म्हणता आलं नाही, तर तो ते हो समजेल. मग त्याच्या घरातल्या बाईचं काय होईल, दादा?"

शेठ माझ्यावर उखडले. "हिला आजच्या आज खोली खाली करायला सांग!"

शेडमधले दोन लूम तेवढे बंद होते. मी आत गेलो आणि तेही चालू केले. शेठ पुढे काय ओरडले, ते मला ऐकू आलं नाही.