एका घावाचा देवमन

देवमनच्या घराण्यात तीन पिढ्या एकच विद्या होती : रेड्याचं मुंडकं एका घावात उतरवायचं. दर्यापूरपासून चार कोसांवरच्या त्या गावात मरीमायच्या नावानं सोडलेल्या रेड्याला हेला म्हणत, आणि आषाढात हेला कापायचा मान देवमनचा. मान कसा, तर गावाच्या विहिरीवर त्याला पाणी भरता येत नव्हतं, देवीच्या ओट्यावर चढता येत नव्हतं. पण त्याच्या कुऱ्हाडीवाचून देवीचं पोट भरत नव्हतं. दुसरा घाव लागला तर माय रुसते आणि गावात पटकी शिरते, असा सगळ्यांचा पक्का समज. देवमनचाही होता.

छप्पनच्या दसऱ्याला तो मूर्तिजापूरहून गाडीला लोंबकळत नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परतला. आल्या आल्या त्यानं घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले. बायको दुर्गाबाई काठावरून म्हणाली, "पाहा बरं, बुडतात का पोहतात." बुडाले. कुऱ्हाड मात्र घरात राहिली. धर्म बदलून सरपण फुटत नाही.

गावाला हे पटलं नाही. खुशालराव पाटलांची बुद्धाबद्दल तक्रार नव्हती. त्यांच्या लेखी तो नववा अवतार, म्हणजे घरचाच माणूस. तक्रार देवमनबद्दल होती. पारावर ते म्हणत, "धर्म कसा, आज्या-पणज्याचा पायजे. याचा धर्म माह्या सायकलीहून नवा हाये!"

देवमननं यावर एकदाच उत्तर दिलं. "पाटील, धर्म जुनाच हाये, अडीच हजार वर्साचा. आमीच उशिरा पोचलो."

या उत्तराबद्दल त्याला पारासमोर जोड्यानं मारण्यात आलं आणि दुसऱ्या दिवशी बौद्धपुऱ्याच्या विहिरीत मेलेलं कुत्रं सापडलं. ते कोणी टाकलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. पोलीस पाटील खुशालरावांचाच भाऊ असल्यामुळे चौकशी घरच्या घरी आटोपली.

सत्तावनच्या आषाढात हेला कापला गेला नाही. अठ्ठावनच्या आषाढात पटकी आली. आठ दिवसांत अकरा माणसं गेली. दर्यापूरहून सरकारी टोचणीवाले आले, त्यांनी दंडात सुया टोचल्या, विहिरींत औषध टाकलं. गावानं सुया घेतल्या आणि हेल्याचीही तयारी केली; बंदोबस्त दोन्हीकडून असावा. मग खुशालराव आपल्या पायांनी बौद्धपुऱ्यात आले. जन्मात पहिल्यांदाच.

"देवमन, कुऱ्हाड घे."

"नाई, पाटील. मी शील घेतलं हाये. जीव मारनार नाई."

"अबे, तुहं शील दोन वर्साचं. तीन पिढ्या कापत आले, तवा हेल्यात जीव नवता काय?"

"व्हता. मले दिसला नवता."

खुशालरावांनी हातातली काठी भुईवर आपटली, पण पुढचं बोलताना त्यांचा आवाज फाटला. "जमुनाले लागली रे काल. माह्या नातीले. पानीबी पोटात ठरून नाई राह्यलं."

जमुना चार वर्षांची होती. देवमनला ती ठाऊक होती. पाटलांच्या कडेवरून ती त्याला जीभ काढून दाखवायची. तरी त्याची मान हलली ती आडवीच. ज्याचा धर्म खोटा त्याच्याच हातावाचून आपला धर्म अडतो, ही गोष्ट पाटलांच्या ध्यानात आली नाही. ते थुंकले आणि गेले.

सकाळी दुसरीच कुऱ्हाड पाटलांच्या पुतण्यानं, जानरावनं, घेतली. तालमीत त्याचं नाव होतं. पण मान उतरवणं हे जोराचं काम नव्हे. शिंगांमागे चार बोटं जागा सोडायची, जनावर श्वास टाकतं तो क्षण धरायचा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ज्याच्या घराण्यात ही विद्या होती त्याला जाऊन विचारायचं तर विटाळ. पहिला घाव खांद्यात रुतला. दुसरा शिंगावर बसला. तिसऱ्यानं मानेचा खालचा भाग फाडला, दावं तुटलं, आणि हेल्यानं जानरावची मांडी गुडघ्यापासून वर उघडली. बायका किंचाळल्या, हलगी थांबली. हेला माणसं तुडवत सुटला तो थेट बौद्धपुऱ्यात, देवमनच्या दारात.

त्याचं काही चुकलं नव्हतं. कापणाऱ्यानंच हेला पोसायचा अशी रीत होती. पारडू असताना तो याच दारात, देवमनच्या हातून कोंडा खाऊन वाढला होता.

तो उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसला. नरडं उघडं पडलेलं, दर श्वासाला त्यातून रक्ताचे बुडबुडे येत. देवमननं गडव्यातलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं. पाणी मानेतून बाहेर आलं.

"काई करा वो त्याचं," दुर्गाबाई तोंडावर पदर दाबून म्हणाली.

असं जनावर मरायला संध्याकाळ लावतं, हे देवमनइतकं गावात कोणाला ठाऊक नव्हतं. पहिलं शील काय सांगतं, हेही ठाऊक होतं. तो सरपणाच्या ढिगाकडे गेला. परत आला. हेल्याच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला, आणि हेल्यानं श्वास टाकला तसा त्यानं घाव घातला. एकच.

मागून काठ्या घेऊन धावत आलेला जमाव जागीच थांबला. मग गर्जना झाली, "मरीमाय की जय!" खुशालरावांनी हात जोडले. "रगत बोललं शेवटी! आना रे परात, रगतात भात कालवून शिवेवर टाका."

देवमन धडासमोर आडवा झाला. "हा बळी नाई, पाटील. तुमी अर्धा मारलेला जीव हाये. याले मी गाडनार."

मग त्याला मारलं. दुर्गाबाईला केसांनी धरून बाजूला फेकलं. जानरावच्या भावानं, सूर्यभाननं, देवमनचा उजवा हात त्याच्याच उंबऱ्यावर ठेवला आणि कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, बोथट मागच्या बाजूनं, ठेचला. हात ठेचायलाही तीन घाव लागले. मग परात भरून रक्त नेलं.

चौथ्या दिवशी पटकी उतरली. जमुना वाचली. टोचणीवाल्यांचं नाव कोणी काढलं नाही. "पाह्यलं? मायनं वढलाच त्याले," गाव म्हणू लागलं. मोडलेल्या हाताबद्दल पंचनाम्यात 'पडून इजा' एवढंच आलं.

हात झोळीत असतानाच बौद्ध मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष धर्मपाल मास्तर सरळ माणूस, आडवळण त्याला जमत नसे.

"कापला का नाई?"

"कापला."

"मरीमायसाठी?"

"नाई."

"गाव तर व्हय म्हनते. आमी कोनाचं खरं मानाव?"

मंडळानं त्याला वर्षभर वंदनेला बाहेर, चपलांपाशी बसवलं. तो बसला. एक दिवसही चुकला नाही.

वर्ष संपलं, त्याला आत घेतलं. पुढे विहाराला पक्की भिंत झाली. देवमनचा हात काही वर गेला नाही. पंचशील म्हणताना एक गोष्ट मात्र शेजारी बसणाऱ्याच्या कानी येई. पहिलं शील आलं की देवमन मुका राही, दुसऱ्यापासून खणखणीत सूर लावी. लोकांना वाटे, म्हातारा विसरतो.

बासष्टच्या वैशाख पौर्णिमेला घरी येताना दुर्गाबाईनं विचारलंच. "पयलं काहून सोडता वो?"

"ते मोडलं मी. बाकीचे चार शाबूत हायेत."

"अन् ते मंडळातले, सूर्यभानच्या लग्नात बोकडाच्या पंगतीले बसून आलेले पाचीच्या पाची म्हनतात, ते?"

देवमननं डाव्या हातानं दाराची कडी काढली. "त्याईचं त्याईपाशी," तो म्हणाला. "चाल, चूल पेटव. सरपन मी आनतो."