लॉन गेली, कळलावी आली

शहाद्यात घर बांधलं तेव्हा पुढच्या अंगणात लॉन लावायची, हा माझ्या नवऱ्याचा हट्ट होता. कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी हातात पाइप धरून तासभर तिथं उभं राहणं, हा त्यांचा आनंद. मग एका उन्हाळ्यात बोअरचं पाणी खोल गेलं. प्यायला टँकर येऊ लागला आणि लॉन चटईसारखी पिवळी पडली.

मीही तेव्हा शाळेतून निवृत्त झाले होते. नोकरीची पहिली वर्षं मी सातपुड्यातल्या मोलगीत काढली होती. तिथल्या डोंगरावरच्या झाडांना कुणी पाइपानं पाणी घालत नव्हतं. मी म्हटलं, "आता इथं आपल्याकडचीच झाडं लावू."

हे म्हणाले, "दारमा जंगल करशी का?"

"करसू," मी म्हटलं, आणि कुदळ घेतली.

निरगुडी, अडुळसा, करवंद, कुडा, शतावरी अशी रोपं जमवली. मोलगीच्या बाजारात रानभाज्या विकणाऱ्या एका बाईकडं कळलावीचे कंद मिळाले. रानातले कंद घराशी लावायचे, हे ऐकून ती इतकी हसली की शेजारच्या बायाही हसायला लागल्या. मग गंभीर होऊन तिनं बोट तोंडाजवळ नेलं आणि जोरजोरात मान हलवली: विषारी आहे, कुणी तोंडात घालू नये. मी ते कंद कुंपणाच्या कोपऱ्यात, शतावरीशेजारी लावले.

पहिलं वर्ष वाईट गेलं. अंगणात काड्याच काड्या दिसायच्या. गल्लीतल्या एका बाईनं तर विचारलं, "घर विकायचं आहे का?" यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

दुसऱ्या पावसाळ्यात मात्र अंगण भरलं. निरगुडीवर निळसर तुरे आले, फुलपाखरं आली. त्याच सुमारास मुलीला पाहायला पाहुणे यायचं ठरलं. मी दोन दिवस सारंगखेड्याला बहिणीकडं गेले होते. परत येऊन फाटक उघडलं आणि जागीच थांबले. अंगण सपाट. यांनी गवत कापायचं मशीन असलेला माणूस बोलावून सगळं साफ करून घेतलं होतं.

"पाव्हना येतीन म्हनीसन साफ करी दिधं," हे म्हणाले. आवाजात थोडा अभिमानही होता. माझा चेहरा पाहिल्यावर तो गेला.

त्यांनी स्वतः चहा केला, माझ्यापुढं ठेवला, तो मी घेतला नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या मिस्त्रींनी हाक मारली. त्यांच्या घराण्यात सुतारकाम कित्येक पिढ्यांचं. "भाभी, वो कोने में जाके देखो."

कोपऱ्यात सागाच्या फळ्या तिरक्या रचून ठेवल्या होत्या. मशीनचा आवाज ऐकून मिस्त्रींनी घाईघाईनं त्या आणून टाकल्या होत्या आणि "लकडी सूखने को रखी है, हाथ मत लगाना," असं त्या माणसाला दटावलं होतं. फळ्यांखाली शतावरी, कळलावी आणि एक करवंद शाबूत होतं. मला हसू फुटलं. यांनी मिस्त्रींकडं पाहिलं आणि खाली मान घालून फळ्या उचलू लागले.

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील तापीकाठचे शेतकरी. पोहे झाले आणि ते हात धुवायला अंगणात गेले, ते परत येईनात. मी पाहते तर कळलावीच्या लाल-पिवळ्या फुलांपुढं उकिडवे बसलेले.

"बाई, ही आमच्या बांधावर होती. फवारणीनं गेली. कुठून आणली?"

मी सांगू लागले. हेही शेजारी येऊन उभे राहिले. कापलेल्या निरगुडीच्या बुडख्यांकडं बोट दाखवून पाहुण्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

"मीच," हे म्हणाले. "चूक झाली."

एवढं सरळ बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं होतं. पाहुणे म्हणाले, "काही नाही होत. निरगुडी ती, पंधरा दिवसांत फुटेल."

आणि फुटली.

स्थळ काही जमलं नाही. मुलाला परदेशात जायचं होतं, आमच्या मुलीला नाही. दोघांनी आपसांत बोलून हसतखेळत विषय मिटवला. पण महिन्याभरानं मुलाचे वडील पुन्हा दारात हजर. मोटारसायकलला गोणपाट बांधलेलं, त्यात मोहाची दोन रोपं.

हे, मिस्त्री आणि पाहुणे असे तिघंजण लगेच मागच्या अंगणात गेले. खड्डा भिंतीपासून किती लांब घ्यायचा यावर मोठमोठ्यानं वाद सुरू झाला. मिस्त्री हातातल्या टेपनं मापं घेत होते, हे प्रत्येक मापाला नाही म्हणत होते.

मुलगी दारात उभी राहून हे ऐकत होती. मला म्हणाली, "आई, माझं जमलं नाही, पण सोयरीक बाबांची जुळली."

मी आम्हा पाचजणांपुरता चहा ठेवला.