धूर कुठल्या ऑइलचा?

घरातलं एक माणूस तुम्हाला रोज एकच खूण करत होतं आणि तिचा अर्थ तुम्ही स्वतःच्या सोयीनं लावून मोकळे झालात, असं तुमच्या हातून कधी घडलंय का? माझ्या हातून घडलं. सलग दोन महिने.

खूण करणारे माझे वडील. त्यांना मी अण्णा म्हणतो. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली. त्याआधी निपाणीत आणि आसपासच्या खेड्यांत त्यांनी विडी वळणाऱ्या बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटली, ती एका जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलवरून. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी शाळेची गणितं सोडवली. म्हणूनच असेल, कुठल्याही विषयावर ठाम लिहायला मला वेळ लागत नाही. विषय कळला नसला तरी.

झटक्यानंतर अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. सकाळी मी त्यांच्या त्याच गाडीला किक मारली की तेवढी कूस वळायची. आई त्यांना धरून उंबऱ्यापाशी आणून बसवायची. डॉक्टर म्हणाले होते, यांचं मन कशात तरी लागलं पाहिजे. ते गाडीत लागत होतं. दुसऱ्या कशातही नाही.

आणि तीच गाडी धुराची झाली.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी गाडी थोडा धूर सोडतेच. पण हा धूर पांढरा, दाट, घशात बसणारा होता. इंजिन तापलं तरी कमी होईना. सायलेन्सरच्या टोकातून काळे थेंब अंगणात पडायचे. प्लग काढून पाहिला तर ओलाचिंब, काळा. समोरच्या आक्का चार बायकांसोबत सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसायच्या. त्या तोंडाला पदर लावून ओरडल्या, "काय रं, दुनियेला प्रदूषणाची पत्रकं वाटतोस आन् आमास्नी हे जेवान घालतोस व्हय?"

दुसरी म्हणाली, "आमी वळतो ती विडी परवडली. ह्यो तर धुराचा बंबच हाय."

सगळ्या हसल्या. मला ते लई झोंबलं, कारण आठवड्यापूर्वीच मी जुन्या वाहनांच्या धुरावर पत्रक काढलं होतं.

त्याच दिवशी अण्णांनी पहिल्यांदा खूण केली. डावा हात इंजिनच्या पोटाकडे नेला आणि अंगठा व बोट धरून हवेत काहीतरी पिळल्यासारखं केलं. मी समजलो, चावी फिरव, बंद कर म्हणतायत. म्हणजे धूर त्यांनाही सहन होत नाही. माझ्या तत्त्वाला आणखी एक मत मिळालं!

मी ऑइल कमी केलं. लिटरमागे चाळीस मिली घालायचो, तीस केलं. धूर तसाच. मग वीस. अण्णा रोज तीच खूण करत राहिले, जोरात, घशातून आवाज काढत. मी रोज म्हणत राहिलो, "होय अण्णा, कमी केलंय."

एका रविवारी त्यांना फिरवून आणायचं ठरलं. आईनं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं आम्हा दोघांना कमरेपाशी एकत्र बांधलं. "सावकाश जा रं," एवढंच म्हणाली. आम्ही संकेश्वरच्या दिशेनं निघालो. तवंदीच्या चढाला इंजिनचा आवाज बदलला, कोरडा झाला. मी अ‍ॅक्सिलरेटरला आणखी पीळ दिला. मागून अण्णांचा डावा हात आला, माझ्या क्लचवरच्या बोटांवर पडला आणि त्यांनी क्लच गच्च दाबला. त्याच क्षणी इंजिन जाम झालं. क्लच दाबलेला नसता तर मागचं चाक तिथंच अडकलं असतं आणि आम्ही बांधलेल्या अवस्थेत एखाद्या ट्रकखाली गेलो असतो.

गाडी कडेला थांबली. अण्णांनी पुन्हा तीच खूण केली, इंजिनच्या पोटाकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

गाडी टेम्पोत घालून मिस्त्रीकडे नेली. त्यानं विचारलं, "ऑइल कुणी कमी केलं?"

"मी. धूर येत होता."

"धूर कुठल्या ऑइलचा, ते बघिटलास?"

त्यानं इंजिनच्या पोटाजवळचं, गिअरचं ऑइल मोजायचं झाकण अंगठ्यानं आणि बोटानं पिळून उघडलं. हुबेहूब अण्णांची खूण. आतली पट्टी कोरडी होती.

"क्रँकचं सील गेलंय. गिअरचं ऑइल आत ओढून जळत होतं. त्योच ह्यो पांढरा धूर. आन् पिस्टनला जगवणारं जे पेट्रोलमधलं ऑइल, तेच तू तोडलास. शिकलेला न्हवं तू? अण्णांनी सांगिटलं न्हाय व्हय?"

सांगितलं होतं. साठ वेळा तरी सांगितलं होतं. घरात गाडी कळणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या वतीनं मीच बोलत होतो. ज्यांना बोलू दिलं जात नाही, त्यांच्यासाठी पत्रकं लिहिणारा मी.

सील मिळालं. सिलिंडर मात्र चरे पडून वाया गेलं. आतून कातून कातून त्याचं बोअर आधीच शेवटच्या मापापर्यंत मोठं केलेलं, आता पुढं काही करता येत नाही. संकेश्वर, कोल्हापूर, बेळगाव, सगळीकडे दुसऱ्या सिलिंडरसाठी विचारून झालं. अण्णांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलंय. परवापासून घास भरवला तरी तोंड उघडत नाहीत. आई वाटी तशीच परत नेते.

म्हणून हे लिहितोय. अडीचशे सीसीची, एका सिलिंडरची आणि दोन सायलेन्सरची जुनी टू-स्ट्रोक गाडी तुमच्या गोठ्यात, माळ्यावर, ऊस वाहणाऱ्या गाड्यांच्या शेडमागे पडली असेल, तर आजच जाऊन पाहा. सिलिंडर शाबूत असेल तर भंगारात घालू नका. या अंकाच्या संपादकांकडे निरोप ठेवा, मी घ्यायला येतो. आणि तिथं जाताना घरातल्या ज्या माणसानं ती गाडी चालवली, त्याला सोबत न्या. त्याचा हात कुठे जातो ते बघा, आणि तो पूर्ण थांबेपर्यंत तुम्ही काही बोलू नका.